दुखणे आणि दुखणेकरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि पत्रिकेवर छापण्याजोगे एखादे मराठी नाव द्यावे, असे सुचविले. सूचना रास्त होती. परंतु या आजाराला मराठीत रूढ झालेले नाव नाही, आणि ज्याला नाव नाही ते आहे की नाही याविषयी माणसाला शंका येणे स्वाभाविकच आहे. आजचा आमचा विषय ही शंका हाच आहे. अंगभर दुखते, महिनोन् महिने दुखते, आणि तपासणीत काही सापडत नाही. असा आजार खरा मानावा की खोटा?

आपल्या भाषेत ‘दुखणे’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. ‘पाठीचे दुखणे’ म्हटले की वेदना, आणि ‘गेल्या पावसाळ्यात मोठे दुखणे काढले’ म्हटले की आजार. आजाऱ्याला आपण दुखणेकरी म्हणतो, दुखणाईत म्हणतो. ज्याला दुखते तो दुखणेकरी, असा भाषेचा सरळ हिशेब आहे. पण दवाखान्यात आणि घरात आज जे वाक्य ऐकू येते ते असे: “तुम्हाला दुखत असेल हो, पण तुम्हाला दुखणे काही नाही.” हे वाक्य आपल्या पूर्वजांना समजले नसते. दुखते आहे आणि दुखणे नाही, हे कसे? या एका वाक्यात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला वैद्यकाचा सारा पेच साठवलेला आहे.

प्रथम आजाराचे स्वरूप सांगतो. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ अंगात ठिकठिकाणी वेदना असते. कंबरेच्या वर आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे. झोप लागते, पण झोपेने विसावा मिळत नाही. सकाळी अंग आखडलेले असते, मोडून आलेले असते. बायका ‘अंग आंबले आहे’ म्हणतात, तो शब्द आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमका वाटतो. थोड्याशा कामाने माणूस गळून जातो. डोळ्यांसमोर ठेवलेले दूध उतू जाते, बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. कासाराने बांगडी चढविताना हात दाबला किंवा नातवाने मांडीवर उडी घेतली, तरी डोळ्यांत पाणी येते. सांधे सुजत नाहीत, वाकडे होत नाहीत. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभर प्रौढांत साधारण दोन ते चार जणांना हा त्रास आढळतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती सुमारे १४ लाख ८६ हजार होती. प्रौढांपुरता आणि शंभरात दोन असा हात राखून हिशेब केला तरी पंधरा-वीस हजारांचा आकडा निघतो. म्हणजे या पटांगणात बसलेल्यांतही काही जण असणारच.

आता घरात काय घडते ते पाहा. ताप हा आपल्या घरात फार मानाचा पाहुणा आहे. थर्मामीटरमध्ये एकशे एक दिसला की सूनबाईला अंथरूण मिळते, मऊ भात आणि मेतकूट मिळते, सासूबाई स्वतः उशाशी बसतात. पण ज्या दुखण्याला पाऱ्याची साक्ष नाही त्याला हे काही मिळत नाही. मग बाई दवाखान्यात जाते. रक्त तपासतात, एक्स-रे काढतात, ऐपत असेल तर एमआरआयही होतो. आणि सर्व रिपोर्ट नॉर्मल येतात. वस्तुतः ही आनंदाची वार्ता; परंतु त्या क्षणापासून तो कागद तिच्याविरुद्धचे आरोपपत्र होऊन बसतो. ‘एवढे हजार रुपये घातले, निघाले काय? काही नाही!’ त्यातून ती परवाच्या हळदीकुंकवाला गेली होती आणि हसत होती, असे शेजारीण पाहून आलेली असते. त्या दोन तासांच्या हसण्यासाठी ती पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळली, हे पाहायला मात्र कोणी आलेले नसते.

ही गोष्ट केवळ सुखवस्तू घरांतली, असा काहींचा समज आहे. रिकामपणाचे दुखणे, असे ते म्हणतात. तसे असते तर बरे झाले असते. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मंडपाखाली हात वर धरून दिवसभर घडांची विरळणी करणारी मजूर बाई घ्या, सिन्नरला मांडी घालून विड्या वळणारी घ्या, येवल्याच्या मागावर बसणारी घ्या. तिचे अंग दुखते याचे कोणालाच नवल वाटत नाही, आणि म्हणूनच तिचे दुखणे निराळ्या रीतीने हरवते. ‘काम करणाऱ्याचे अंग दुखायचेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. सुटीचे चार दिवस मिळाले तरी तिची वेदना उतरत नाही, रात्रीची झोप तिला पोचत नाही, हे विचारायचे राहून जाते. सधन बाईचे दुखणे म्हणजे चोचले आणि गरीब बाईचे दुखणे म्हणजे कष्ट. दोन्हीकडून ते आजाराच्या यादीतून बाहेरच. आणि पुरुषांचे तर विचारूच नका. पुरुषासारखा पुरुष असून अंग दुखते म्हणतो, या एका उद्गाराच्या भीतीने कित्येक पुरुष तोंडच उघडीत नाहीत.

विचारले म्हणजे काय दिसते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आखलेल्या उपक्रमाचा तो भाग होता. गावात प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन फिरले; मनुष्याकृतीचे चित्र दाखवून कोठे कोठे दुखते ते टिपून घेतले. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले, तेव्हा शंभरात सुमारे अठरा जणांनी दुखते असे सांगितले. हे सारे फायब्रोमायाल्जियाचे रोगी होते असे मुळीच नव्हे. गुडघ्यांची झीज होती, कंबरेची दुखणी होती. ज्या आमवाताला लोक सर्वाधिक भितात तो दोनशेंत जेमतेम एकाला होता. पण कोणत्याही ठरावीक नावात बसत नाहीत अशा दुखण्यांचा ढीगही मोठा होता. हे लोक पाहणीच्या आदल्या दिवशीही दुखतच होते. फरक इतकाच, की आदल्या दिवशी त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता शंकेचा इतिहास. ही शंका केवळ सासवांची नाही; ती मोठमोठ्या वैद्यांचीही आहे, आणि तिला कारणेही आहेत. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने कंबरदुखीवरील व्याख्यानात ‘फायब्रोसायटिस’ असा शब्द योजला. स्नायूंभोवतीच्या तंतुमय भागाला दाह होतो, असा त्याचा अर्थ. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दाह काही सापडेना. झाले! दाह नाही म्हणजे आजार नाही, असा निकाल अनेकांनी देऊन टाकला. वस्तुतः खोटे ठरले होते ते नाव. रोग्याची वेदना होती तेथेच होती. १९७६ साली ते नाव टाकून ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव पुढे आले. त्यात दाहाचा दावा नाही. तंतू आणि स्नायू दुखतात, एवढेच ते म्हणते. म्हणजे साडेतीन शब्दांच्या ग्रीक-लॅटिन भाषेत वैद्यकाने अखेर तेच म्हटले, जे बाई पहिल्या दिवसापासून सांगत होती.

१९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरविले. अंगावरच्या अठरा ठरावीक जागा अंगठ्याने सुमारे चार किलोच्या भाराने दाबायच्या; निदान अकरा जागी दुखले तर हा आजार. मग साहजिकच लोक विचारू लागले, की दहा जागी दुखले तर बाई धडधाकट आणि अकराव्या जागी दुखले की रोगी, हे कोणते शास्त्र? टीका योग्यच होती. २०१० साली त्या अठरा जागा सोडून दिल्या आणि वेदना किती भागांत आहे, झोप, थकवा, स्मरण यांची काय स्थिती आहे, हे विचारून गुण देण्याची पद्धत आली. एक चमत्कारिक गोष्ट अशी घडली, की जागा दाबणे थांबल्यावर स्त्री-पुरुषांच्या संख्येतले अंतर बरेच कमी झाले. हा बायकांचाच आजार, ही समजूत काही अंशी आमच्या अंगठ्यांनीच निर्माण केली होती.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. १९९० च्या निकषांचे प्रमुख लेखक डॉ. फ्रेडरिक वुल्फ. २००७ साली या आजारावरील पहिले औषध, प्रीगॅबालिन, अमेरिकेत मंजूर झाले आणि त्याच्या जाहिराती दूरदर्शनवर झळकू लागल्या. २००८ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्स या पत्राने, औषध आले पण आजार खरा आहे काय, असा प्रश्न ठळकपणे मांडला. आणि त्यात शंका घेणाऱ्यांत वुल्फ स्वतः होते. हा स्वतंत्र रोग नसून ताणतणावाला दिलेला शरीराचा प्रतिसाद आहे, अशा विचाराकडे ते झुकले होते. संशयवाद्यांना यापेक्षा मोठा साक्षीदार कोठून मिळणार? परंतु थोडे थांबून पाहावे. वुल्फ यांची शंका नावाविषयी होती, कारणाविषयी होती, औषध कंपन्यांच्या उत्साहाविषयी होती. बाई खोटे बोलते असे त्यांचे म्हणणे नव्हते. या दोन शंकांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण वर्तमानपत्रातून घरापर्यंत येईतो त्यांची सरमिसळ होते, आणि घरात पोचते ती दुसरीच.

शास्त्राने या काळात जे हाती आणले त्यातील तीन-चारच गोष्टी सांगतो. १९७५ साली टोरांटो येथे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या गाढ झोपेत आवाज करून अडथळा आणला. त्यांना पुरते जागे केले नाही. फक्त झोप उथळ केली. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले, दाबले की सहन होईना. रात्रभर तान्हे मूल किंवा आजारी सासरे सांभाळणाऱ्या बाईला हा प्रयोग नवा वाटणार नाही. १९९४ साली रोग्यांच्या मेंदू-मज्जेभोवतीच्या द्रवात वेदनेचा निरोप पोचविणारे ‘सबस्टन्स पी’ हे द्रव्य निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट आढळले. २००२ साली अमेरिकेत ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी सोळा रोगी व सोळा निरोगी माणसे घेतली, त्यांच्या अंगठ्याचे नख यंत्राने दाबले आणि त्याच वेळी मेंदूचे चित्र घेतले. निरोग्यांच्या मेंदूत जेवढी खळबळ उठवायला सुमारे दुप्पट भार लागला, तेवढी रोग्यांच्या मेंदूत निम्म्या भारानेच उठली. सोंग करणारा तोंड वेडेवाकडे करील, पण मेंदूच्या त्या त्या भागातले रक्त कसे हलविणार? आणि २०२१ साली लंडन, लिव्हरपूल व स्टॉकहोम येथील संशोधकांनी रोग्यांच्या रक्तातील प्रतिद्रव्ये उंदरांना टोचली, तेव्हा ते उंदीर दाबाला आणि थंडीला अधिक हळवे झाले. प्रतिद्रव्ये अंगातून निघून गेल्यावर बरे झाले. उंदराला सासू नसते आणि सहानुभूतीही नको असते, एवढे आपण मान्य कराल.

म्हणून सर्व उलगडले काय? नाही. यांतली एकही गोष्ट गल्लीतल्या प्रयोगशाळेत करता येणारी तपासणी नाही. रक्ताचा थेंब घेऊन ‘हाच तो’ म्हणता येत नाही. वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा वेदनेसाठी अलीकडे निराळा वर्गच केला आहे. अवयव शाबूत, मज्जातंतू तुटलेला नाही, पण वेदना मोजणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झाली आहे. आपण गोदाकाठचे लोक, आपल्याला हे असे सांगता येईल, की पूर आलेला नाही, पण पुराचा भोंगा वाजतच राहिला आहे. भोंग्याचा आवाज मात्र कानठळ्या बसविणाराच असतो.

शंका घेणाऱ्यांची एक बाजू आम्हाला आवर्जून मांडायची आहे, कारण भोळ्या विश्वासानेही रोग्याचे नुकसानच होते. अंगदुखीचे प्रत्येक प्रकरण फायब्रोमायाल्जिया नसते. आपल्याकडे ऊन इतके असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता फार आहे. त्याने हाडे मऊ होऊन अंगभर दुखते, आणि ते औषधाने बरे होते. थायरॉइड मंद असेल, बी-१२ कमी असेल, आमवाताची सुरुवात असेल. हे पाहिल्याशिवाय या नावाची चिठ्ठी कपाळाला चिकटविणे हा आळशीपणा होय. दुसरे, ज्या आजाराची तपासणी नाही त्याच्याभोवती बाजार लवकर जमतो. मुळापासून बरे करण्याची हमी देणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. पंधरा दिवस अंग हलके होते, पुढे चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. आणि आमच्या वैद्य मित्रांनी रागावू नये, पण ‘चरकात हे सर्व आहेच’ या वाक्यानेही फार साधत नाही. चरकसंहितेत अंगमर्द हे लक्षण आहे, ते शमविणाऱ्या दहा औषधींचा गणही आहे. म्हणजे अंगाच्या ठणक्याची दखल त्यांनी घेतली होती, ही मोठीच गोष्ट. पण लक्षण आणि आजार यांत भेद आहे. महाराष्ट्राचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे आणि सर्व पद्धतींची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. या प्रश्नावर एकत्र बसून काम करायचे तर नाशिकसारखे गाव नाही.

अमेरिकेतील एक संधिवाततज्ज्ञ नॉर्टिन हॅडलर यांनी १९९६ साली एक मार्मिक मुद्दा मांडला होता. ज्याला आपण आजारी आहोत हे सतत सिद्ध करीत राहावे लागते तो बरा होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. हॅडलर या नावाचे टीकाकारच होते. तरी हे त्यांचे म्हणणे आम्हाला अनुभवाने पटते. बाईला आज जरा बरे वाटले तर ती ते सांगायला भिते. कारण ‘बघा, काही नव्हतेच’ हे वाक्य दाराआड उभे असते. दुखते म्हटले तर सोंग आणि बरे वाटते म्हटले तरी सोंग. मग ती दुखण्यालाच धरून बसते, कारण तेवढाच तिचा पुरावा.

उपचाराचे उदाहरण घ्या, म्हणजे विश्वासाचे काम किती रोकडे आहे ते दिसेल. युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ साली सर्व उपचार तपासले आणि त्यांतल्या एकाचीच ठामपणे शिफारस केली, ती म्हणजे व्यायाम. थोडा, रोज, बेताबेताने वाढविलेला. औषधांचा उपयोग मर्यादित आहे. प्रीगॅबालिनने वेदना निम्मी होण्याचा लाभ बिनऔषधी गोळीच्या तुलनेत दहांत जेमतेम एकालाच अधिक होतो. इंग्लंडमध्ये तर २०२१ च्या मार्गदर्शनात, अशा दीर्घ वेदनेत साध्या वेदनाशामक गोळ्या आणि अफूजन्य औषधेही सुरू करू नयेत असे सांगितले आहे. मग राहिले काय? चालणे. पण ‘चालायला जा’ हे दोन शब्द कोण आणि कसे म्हणतो यावर सर्व अवलंबून आहे. ज्या घरात तिच्यावर विश्वास नाही तेथे याचा अर्थ ‘तू आळशी आहेस’ असा होतो, आणि ती हट्टाने जात नाही, किंवा हट्टाने एकदम चार मैल जाते आणि आठवडाभर पडून राहते. विश्वास आहे तेथे नवरा चपला घालून बरोबर निघतो, पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंतच जातो आणि परत येतो. औषध एकच, पण एका घरी ते लागू पडते आणि दुसऱ्या घरी बाधते.

गोळीचेही तेच. अमिट्रिप्टिलिन हे जुने, स्वस्त औषध अगदी लहान मात्रेत, रात्री दहा मिलिग्रॅम वगैरे, काहींना झोप आणि वेदना या दोन्हींसाठी उपयोगी पडते. मोठ्या मात्रेत ते उदासीनतेच्या विकारावर देतात. आता होते असे, की औषधाच्या दुकानात कोणीतरी सहज म्हणतो, ‘ही तर डोक्याची गोळी’. नाहीतर घरातला मुलगा मोबाइलवर नाव शोधतो आणि तेच वाचून दाखवितो. त्या संध्याकाळी गोळ्या मोरीत जातात. कारण इतके दिवस ती ज्या आरोपाशी झगडत होती त्यावर आता आम्हीच सही-शिक्का उठविला, असे तिला वाटते. आम्ही अलीकडे चिठ्ठी लिहून देण्यापूर्वी हे सर्व आधी सांगतो, आणि शक्य तर नवऱ्याला व सासूबाईंना समोर बसवून सांगतो. पाच मिनिटे जातात. त्या पाच मिनिटांची फी कोणी देत नाही, हेही सांगून टाकतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव येथे सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्या कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या; तेथूनच त्यांनी रुग्णालये आणि हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेविषयी पत्रे व अहवाल लिहिले. त्यांचे दुखणे मनाचे, किंबहुना सोयीचे, असे मानणारे लोक पुष्कळ होते. पुढे १९९५ साली एका संशोधकाने, तो क्रिमियात जडलेला ब्रुसेला जंतूंचा जुनाट विकार असावा, असे साधार मांडले. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हाच जगभर फायब्रोमायाल्जियाचा जागृतिदिन म्हणून पाळला जातो, आणि तो आपल्या व्याख्यानमालेच्या महिन्यातच येतो.

कायद्याचे दोन शब्द, कारण ते विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात या आजाराची जागा दीर्घकालीन व्यापक वेदनेच्या सदरात आहे. तेव्हा ‘असा आजारच नाही’ हे म्हणणे कागदोपत्रीही टिकत नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार नमूद आहेत, त्यांत मात्र याचे नाव नाही. शाळेत उभे राहून शिकविणाऱ्या शिक्षिकेला खुर्ची हवी असेल, सातपूरच्या कारखान्यातल्या कामगाराला रात्रपाळी टाळायची असेल, तर आज तरी सर्व भिस्त मुख्याध्यापकांच्या आणि मुकादमाच्या समजुतीवर. एक खुर्ची देण्यास कायदा कशाला लागतो, असे कोणी म्हणेल. लागू नये, हे खरे, पण लागतो.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. स्वयंसेवक कागद आणि पेन्सिली घेऊन फिरत आहेत. प्रश्न लिहून द्यावेत. ज्या भगिनी घरच्यांबरोबर आल्या आहेत त्यांनी चिठ्ठीवर नाव घातले नाही तरी चालेल.